राखेचा बांध फुटण्याआधी विचारायचे प्रश्न

दर वर्षी जुलै उजाडला की टीव्हीवर तीच चित्रे दिसू लागतात. अर्धा डोंगर खाली आलेला, चिखलातून वर आलेले घराचे पत्रे, दोराला धरून चढणारे एनडीआरएफचे जवान आणि बाजूला बसलेली, बोलणेच विसरलेली माणसे. २०१४ ला माळीण, २०२१ ला तळीये, २०२३ ला इर्शाळवाडी, २०२४ ला केरळचे वायनाड. आपण अकोल्यात, अमरावतीत, बाळापुरात, अचलपुरात बसून हे पाहतो. तोंडातून "इन्ना लिल्लाहि" निघते. जुम्म्याला मस्जिदीच्या दारात चादर पसरली जाते, आपण त्यात जमेल तेवढे टाकतो. आणि मनात कुठेतरी एक दिलासाही असतो: आपल्याकडे डोंगर नाहीत बावा, आपलं वऱ्हाड सपाट आहे.

हा दिलासा अर्धाच खरा आहे. एक तर वऱ्हाडाच्या डोक्यावर सातपुडा उभा आहे. मेळघाटातली गावे उतारावर वसलेली आहेत आणि परतवाड्याहून चिखलदऱ्याला जाणारा रस्ता घाटाचाच आहे. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. डोंगर नसला तरी माणसाने रचलेला ढिगारा खाली येऊ शकतो. खाणीतून निघालेली माती, धुतलेल्या धातूचा गाळ, वीज केंद्राची राख, हे सगळे कुठेतरी बांध घालून साठवले जाते. तो बांध फुटला की दरडीसारखाच लोंढा सुटतो. अकोला जिल्ह्यात बाळापूरजवळ पारसचे औष्णिक वीज केंद्र आहे. अमरावती शहराला लागून नांदगाव पेठेला दुसरे आहे. दोन्ही ठिकाणी कोळसा जळतो आणि दोन्ही ठिकाणी राख उरते. म्हणून हा विषय कोकणाचा आणि केरळचा म्हणून सोडून देता येत नाही.

दरड नुसत्या पावसाने कोसळत नाही

आम्ही शिक्षक लोक वर्गात ओली माती आणि कोरडी माती यांतला फरक मुलांना हाताने करून दाखवतो. कोरड्या मातीचा ढीग आपल्या उतारावर उभा राहतो. थोडे पाणी शिंपडले तर उलट घट्ट होतो. पण पाणी जास्त झाले की मातीच्या कणांमधली जागा पाण्याने भरते, कणांची एकमेकांवरची पकड सुटते आणि ढीग बसतो. डोंगराचेही तेच होते. आपल्या महाराष्ट्राचा डोंगर म्हणजे लाव्हाचे थरावर थर. त्यात काळा पाषाण आहे, मध्ये कुजलेला मुरूम आहे, कुठे लाल मातीचा पट्टा आहे. पाणी वरून मुरते आणि ज्या थरातून पुढे जाऊ शकत नाही तिथे अडते. मग वरची माती त्या ओल्या थरावरून घसरते.

त्यात माणसाने भर घातली तर घसरण लवकर होते. उतार कापून रस्ता काढला की डोंगराचा पायाच काढल्यासारखे होते. झाडे तोडली की माती धरून ठेवणारी मुळे कुजतात. पाण्याची जुनी वाट बुजवली की पाणी नवी वाट शोधते.

पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातल्या माळीणमध्ये ३० जुलै २०१४ च्या सकाळी दीडशेच्या वर माणसे गाडली गेली. बाहेरच्या जगाला ही बातमी कळली ती एसटीच्या एका चालकामुळे. तो नेहमीच्या रस्त्याने आला आणि गाव जागेवर दिसेना. गावात पाऊस मोजणारे यंत्र नव्हते. रायगड जिल्ह्यातली इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री गाडली गेली. ठाकर आदिवासींची वस्ती, वर जायला गाडीरस्ता नाही. जेसीबी वर नेता येईना म्हणून जवानांनी कुदळ-फावड्याने माती उपसली. २७ मृतदेह मिळाले. चार दिवसांनी शोध थांबवला आणि ५७ जणांना बेपत्ता म्हणून सोडून द्यावे लागले. दरडींचा धोका असलेल्या गावांच्या सरकारी यादीत या वाडीचे नावच नव्हते, हे सरकारनेच विधिमंडळात सांगितले.

यादीत नाव नसणे म्हणजे धोका नसणे असे आपण समजतो. खरे म्हणजे यादीत नाव नाही याचा अर्थ एवढाच की कोणी जाऊन पाहिले नाही.

वायनाडची गोष्ट याहून बोचणारी आहे. ३० जुलै २०२४ च्या पहाटे मुंडक्कई आणि चूरलमला ही गावे वाहून गेली. अडीचशेहून जास्त माणसे मेली. त्यांत मुसलमान होते, हिंदू होते, ख्रिस्ती होते, चहाच्या मळ्यातले मजूर होते. ज्यांची ओळख पटली नाही त्यांना पुथुमला इथे एकाच जमिनीत दफन केले आणि सगळ्या धर्मांच्या लोकांनी मिळून दुआ, प्रार्थना केली. नदीकाठची वेल्लारमलाची शाळा उद्ध्वस्त झाली. रात्रीची वेळ होती म्हणून मुले वर्गात नव्हती, पण घरी झोपलेली बरीच मुले परत शाळेत आली नाहीत. कल्पेट्टा इथली ह्यूम सेंटर ही संस्था गावोगावच्या लोकांकडून पाऊस मोजून घेते. तिच्या नोंदीत त्या भागात ४८ तासांत ५७२ मिलिमीटर पाऊस झाला होता आणि संस्थेने आदल्या दिवशीच धोक्याचा इशारा दिला होता. म्हणजे माहिती होती. माहिती झोपलेल्या माणसाच्या दारापर्यंत पोहोचली नाही.

वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला ६५ मिलिमीटरचा आकडा तोंडपाठ आहे. मंडळात २४ तासांत तेवढा पाऊस पडला की अतिवृष्टी धरली जाते, पंचनामे होतात, मदतीची आशा लागते. पर्जन्यमापकाचा उपयोग आपल्याकडे नुकसान झाल्यावर भरपाई मागण्यासाठी होतो. तोच आकडा मेळघाटातल्या उतारावरच्या गावाला आदल्या रात्री सांगितला गेला तर त्याचा उपयोग जीव वाचवण्यासाठी होईल.

बाईच्या मागणीपत्राला किती वजन असते?

आता माणसाने रचलेल्या डोंगरांकडे येऊ. यातली एक घटना आम्हाला, शिक्षक म्हणून, विसरता येत नाही. ब्रिटनमधल्या वेल्समध्ये अॅबरफॅन नावाचे खाणकामगारांचे गाव आहे. गावाच्या वरच्या टेकडीवर कोळसा खाणीचा कचरा वर्षानुवर्षे रचला जात होता. त्यातला सात नंबरचा ढीग झऱ्यांच्या जागेवर उभा होता. २१ ऑक्टोबर १९६६ च्या सकाळी सव्वानऊच्या सुमारास तो ढीग सुटला आणि सरळ प्राथमिक शाळेवर आला. मुले नुकतीच वर्गात बसली होती. १४४ जण मेले, त्यांत ११६ लहान मुले.

हे अचानक घडले का? मुळीच नाही. १९६३ मध्येच तिथल्या नगरपालिकेच्या अभियंत्याने शाळेच्या मागे साठणाऱ्या गाळाच्या धोक्याबद्दल पत्र लिहिले होते. पुढे शाळेतल्या मुलांच्या आयांनी सह्यांचे निवेदन दिले आणि मुख्याध्यापिकेने ते वर पाठवले. कागद फिरत राहिले, ढीग वाढत राहिला. चौकशी आयोगाने १९६७ मध्ये दोष सरळ नॅशनल कोल बोर्डावर ठेवला. तरीही एकाही माणसाला शिक्षा झाली नाही, कोणाची नोकरीही गेली नाही.

याच गोष्टीत चंदा देणाऱ्यांसाठी एक धडा आहे. जगभरातून अॅबरफॅनच्या लोकांसाठी पैसा आला. गावकरी म्हणाले, उरलेले ढीग आधी हटवा, आमची मुले झोपत नाहीत. ढीग हटवायचा खर्च कोणी करायचा यावर वाद झाला आणि शेवटी १९६८ मध्ये मदत निधीतूनच दीड लाख पौंड घेतले गेले. मेलेल्या मुलांच्या नावाने गोळा झालेला पैसा, दोषी ठरलेल्या सरकारी मंडळाचा कचरा साफ करायला वापरला गेला. तो परत मिळायला १९९७ साल उजाडले, तोही व्याजाविना.

आपण इमदाद करणारे लोक आहोत, ती करत राहू. २०२१ च्या पुरात महाड-चिपळूणला आपल्या संघटनांच्या पोरांनी इतरांच्या बरोबरीने घरातला चिखल काढला. पण जो खर्च कंपनीचा किंवा सरकारचा आहे तो आपल्या चादरीतून भागवला जाऊ लागला, तर पुढचा बांधही कच्चाच राहील. मदत देणे आणि हिशोब मागणे ही दोन्ही कामे एकाच हाताने करावी लागतात.

ब्राझीलचा बंद पडलेला बांध

दुसरी घटना अलीकडची आहे. ब्राझीलमधल्या ब्रुमाजिन्यो गावाजवळ वाले या कंपनीची लोखंडाची खाण आहे. लोखंड धुऊन उरलेला गाळ एका बांधामागे साठवला होता. २५ जानेवारी २०१९ ला दुपारी जेवणाच्या वेळी तो फुटला. कंपनीची कॅन्टीन आणि कार्यालय नेमके बांधाच्या खालच्या बाजूला होते. २७० माणसे मेली, बहुतेक कंपनीचेच कामगार. धोक्याचा भोंगा वाजलाच नाही.

या घटनेतल्या दोन गोष्टी आपण नीट समजून घेतल्या पाहिजेत. पहिली म्हणजे त्या बांधात काही वर्षांपासून नवा गाळ टाकणे बंद होते. म्हणजे वापरात नसलेला बांधही फुटू शकतो, कारण आतले पाणी आतच असते. "इतकी वर्षे उभा आहे, आता काय होते" हा युक्तिवाद तिथेच वाहून गेला. दुसरी म्हणजे काही महिन्यांपूर्वीच एका नावाजलेल्या जर्मन तपासणी कंपनीने बांध स्थिर असल्याचा दाखला दिला होता. कागदावर सगळे ठीक होते. ज्याची तपासणी करायची त्याच्याच पैशाने तपासणी झाली की कागद ठीकच असतो, हे आपल्याला ब्राझीलला जाऊन शिकायची गरज नाही.

त्याच राज्यात २०१५ मध्ये मारियानाजवळचा बांध फुटून १९ माणसे गेली होती आणि गाळ शेकडो किलोमीटर नदीतून वाहत समुद्राला मिळाला होता. तीन वर्षांनंतर दुसरा बांध फुटला. त्यानंतर ब्राझीलने त्या प्रकारच्या बांधांवर बंदी आणली आणि ऑगस्ट २०२० मध्ये अशा बांधांसाठी एक जागतिक मानक तयार झाले.

त्या प्रकारचे बांध म्हणजे कसे? आधी मातीचा एक बांध घालायचा. तो गाळाने भरला की साचलेल्या गाळावरच आतल्या बाजूला दुसरा बांध उभा करायचा. मग तिसरा. जमीन कमी लागते, खर्च वाचतो. पण वरच्या बांधाचा पाया म्हणजे खालचा ओला गाळ. आपल्या देशात राखेच्या तळ्यांचे बांधही अनेक ठिकाणी असेच टप्प्याटप्प्याने उंच केले जातात.

नागपूरची राख, सिंगरौलीची राख

राख म्हटली की आपल्याला चुलीतली आठवते. वीज केंद्राच्या राखेचा हिशोब वेगळा आहे. मुलांना गणितात देता येईल असा तो आहे. पारसचे दोन संच प्रत्येकी २५० मेगावॅटचे, म्हणजे ५०० मेगावॅट. पूर्ण क्षमतेने चोवीस तास चालले तर एक कोटी वीस लाख युनिट वीज होते. एका युनिटला साधारण साडेसहाशे ग्रॅम कोळसा धरा. दिवसाला सात हजार आठशे टन कोळसा झाला. आपल्या देशी कोळशात राखेचे प्रमाण ३० ते ४५ टक्के असते. ३५ टक्के धरले तर दिवसाला दोन हजार सातशे टनांच्या वर राख. वीस टनांच्या टिप्परने मोजली तर एका दिवसाच्या सव्वाशेच्या वर गाड्या. केंद्र रोज पूर्ण क्षमतेने चालत नाही, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा कमी असेल. पण अंदाज येतो. नांदगाव पेठेचे केंद्र तर १३५० मेगावॅट क्षमतेचे आहे.

यातली बरीच राख सिमेंट कारखान्यांना, विटांना, रस्त्यांच्या भरावाला जाते आणि ते चांगलेच आहे. राखेच्या विटांवर आपल्या समाजातल्याही लोकांची पोटे चालतात. उरलेली राख पाण्यात कालवून पाइपाने तळ्यात सोडली जाते. तळ्याला बांध असतो. प्रश्न त्या बांधाचा आहे.

मध्य प्रदेशात सिंगरौलीला ऑगस्ट २०१९ ते एप्रिल २०२० या एका वर्षाच्या आत तीन वेगवेगळ्या वीज केंद्रांचे राखेचे बांध फुटले. तिसरा सासन प्रकल्पाचा, १० एप्रिल २०२० ला, लॉकडाऊनच्या दिवसांत. लोकांना घराबाहेर पडू नका सांगितले होते आणि राखेचा लोंढा घराकडे आला. सहा जणांचा जीव गेला, त्यांत लहान मुले होती. कित्येक एकर उभे पीक राखेखाली गेले.

मग आपल्या विदर्भातच जुलै २०२२ मध्ये कोराडी वीज केंद्राचा खसाळा इथला राखेचा बांध मुसळधार पावसात फुटला. राख शेतात पसरली, नाल्यातून कोलार नदीत आणि तिथून कन्हान नदीत गेली. नागपूर शहराच्या एका भागाला कन्हानचे पाणी मिळते. तो पाणीपुरवठा विस्कळीत झाला. राखेत पारा, आर्सेनिक, शिसे अशी जड द्रव्ये कमी-अधिक प्रमाणात असतात. लोंढा ओसरला तरी ती गाळात राहतात.

त्याच वर्षी फेब्रुवारीत, नागपूर जिल्ह्याच्या पारशिवनी तालुक्यातल्या नांदगावला तेव्हाचे पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे यांनी भेट दिली आणि तिथल्या तळ्यात राख टाकणे थांबवायला सांगितले. हे नांदगाव वेगळे, आपले नांदगाव पेठ वेगळे. मंत्री तिथे गेले ते गावकऱ्यांनी आणि अभ्यासकांनी महिनोन्‌महिने तक्रारी, नमुने आणि फोटो पुढे केल्यामुळे. लोक बोलले, म्हणून मंत्री आले.

पारसचा किंवा नांदगाव पेठेचा बांध कच्चा आहे असे आमचे म्हणणे नाही. तसा पुरावा आमच्याकडे नाही आणि पुराव्याशिवाय भीती पसरवणे हे व्हॉट्सअॅपचे काम आहे. आमचे म्हणणे साधे आहे. बांध पक्का असेल तर ते सांगणारा कागद लोकांना दाखवायला हरकत नसावी. वऱ्हाडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते, म्हणून आपल्याकडचे धरणाचे अभियंते काळी माती आत ठेवतात आणि बाहेरून मुरुमाचे कवच देतात. जी काळजी पाण्याच्या धरणाला, ती राखेच्या तळ्याला घेतली आहे का, एवढेच विचारायचे आहे.

"केंद्र बंद पाडायचं आहे का तुम्हाला?"

असा प्रश्न कोणी काढला की हे उत्तर मिळतेच. त्यात तथ्यही आहे. पारसच्या केंद्रामुळे त्या भागात रोजगार आला. आपली पोरे तिथे ठेकेदाराकडे कामाला आहेत, टिप्परवर आहेत, वेल्डिंगला आहेत. वीज आपल्यालाही लागते. मार्चच्या उन्हात, दहावीच्या परीक्षेच्या आदल्या रात्री लाइट गेली तर सगळ्यात आधी आम्हीच ओरडतो.

पण प्रश्न विचारल्याने केंद्र बंद पडत नाही. बांध फुटल्याने पडते. आणि बांधाखाली सगळ्यात आधी कोण असतो? ब्रुमाजिन्योत कामगारच होते. झारखंडच्या ललमटिया इथल्या कोळसा खाणीत २९ डिसेंबर २०१६ ला मातीचा ढिगारा बसला तेव्हा खाली गाडले गेलेले वीसहून अधिक लोक ठेक्यावरचे कामगार होते. वणी, घुग्घुस, राजुऱ्याच्या खाणपट्ट्यात मातीचे असेच डोंगर रचलेले आहेत आणि तिथे टिप्पर चालवणारी माणसे आपल्याही घरांतली आहेत. तेव्हा हा प्रश्न रोजगाराच्या विरोधातला नाही. रोजगारावर गेलेला माणूस संध्याकाळी घरी यावा, यासाठीचा आहे.

दुसरे उत्तर आपल्याच घरातून येते. "मौत तो जहाँ लिखी है वहीं आएगी." ईमान म्हणून हे खरे आहे. पण उंट मोकळा सोडून तवक्कुलची भाषा करू नये, आधी तो बांधावा, ही शिकवणही आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तकदीरीच्या आधी तदबीर येते. शिवाय तकदीरीचा आधार जो गाडला गेला त्याच्या घरच्यांना सबर यावे यासाठी आहे. ज्याने बांधाची देखभाल केली नाही त्याला सुटायला नाही. २०१९ मध्ये चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटून वीसच्या आसपास माणसे गेली, तेव्हा एका मंत्र्यांनी खेकड्यांना दोष दिला होता. महाराष्ट्र त्यावर हसला. पण सगळा दोष नशिबावर टाकला की आपणही जबाबदार माणसाला तशीच पळवाट देतो.

कोणाला विचारायचे, काय विचारायचे

विचारायला मोर्चा लागत नाही. पारसचे केंद्र महानिर्मिती या सरकारी कंपनीचे आहे, तिला माहितीचा अधिकार लागू आहे. साध्या कागदावर अर्ज, दहा रुपये शुल्क, तीस दिवसांत उत्तर. नांदगाव पेठेचे केंद्र खासगी कंपनीचे आहे, पण त्याच्या परवानग्या आणि तपासणीचे अहवाल महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे असतात. मंडळाचे कार्यालय अमरावतीत आहे आणि त्या मंडळाला माहितीचा अधिकार लागू आहे. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ नुसार जिल्हाधिकारी हे जिल्हा आपत्ती प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात. तेव्हा तिसरा अर्ज त्यांच्याकडे.

प्रश्न थोडे आणि नेमके असावेत. राखेच्या तळ्याचा बांध आज किती उंच आहे आणि मुळात किती उंचीचा ठरला होता? शेवटची तपासणी कोणत्या तारखेला, कोणत्या बाहेरच्या संस्थेने केली आणि तिचा अहवाल कुठे आहे? बांध फुटला तर राख कोणत्या नाल्याने, कोणत्या गावाकडे जाईल याचा नकाशा आहे का? भोंगा आहे का, तो शेवटचा कधी वाजवून पाहिला? त्या वाटेवर किती शाळा, किती अंगणवाड्या, किती विहिरी आहेत? मन नदी पुढे पूर्णेला मिळते. खालच्या गावांची पाण्याची सोय काय?

कायदा लोकांच्या बाजूने आहे. केंद्र सरकारच्या ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेनुसार कोळशाच्या वीज केंद्रांनी सगळीच्या सगळी राख वापरात आणायची आहे, जुनी साठलेलीसुद्धा टप्प्याटप्प्याने. न वापरलेल्या राखेवर टनामागे हजार रुपये दंडाची तरतूद आहे. तीनशे किलोमीटरच्या आतल्या रस्ते-बांधकामांनी ही राख वापरायची आहे. अमरावती ते अकोला महामार्गाचा ७५ किलोमीटरचा पट्टा जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत तयार करून गिनीज बुकात नाव गेले. रस्ता इतका झपाट्याने होऊ शकतो, तर राख उचलण्याचा वेगही विचारायला काय हरकत आहे? राख उचलली जाईल तेवढा बांधावरचा भार कमी होईल आणि भरावासाठी टेकड्या खोदून मुरूम काढायची गरजही कमी होईल.

मेळघाटाच्या बाजूने करायचे काम आणखी सोपे आहे. घाटाच्या पायथ्याच्या आणि वरच्या शाळांनी साधे पर्जन्यमापक बसवून मुलांकडून रोज सकाळी नोंद घ्यावी आणि ती ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावी. वायनाडला हे शेतकरी करतात, आपल्याकडे सातवीतली मुलगी करू शकते. उतारावरच्या गावांनी काही खुणा लक्षात ठेवाव्यात. जमिनीला किंवा भिंतीला नवी भेग पडणे, दार अचानक अडकायला लागणे, झाड किंवा विजेचा खांब कलणे, कधी नव्हता तिथे झरा फुटणे, नितळ झऱ्याचे पाणी एकदम गढूळ होणे किंवा नाल्याचे पाणी भर पावसात अचानक कमी होणे. यातले काही दिसले तर सकाळची वाट पाहू नये. माणसे, जनावरे घेऊन बाजूच्या उंच पण सपाट जागी जावे. राखेच्या बांधाच्या खालच्या बाजूला शेत असणाऱ्यांनीही हेच पाहावे. बांधाच्या पायथ्याशी नवी ओल किंवा राखट पाणी पाझरताना दिसले तर मोबाईलवर तारखेसह फोटो काढून त्याच दिवशी तहसीलदारांना आणि केंद्राच्या अधिकाऱ्यांना कळवावे.

आपण जे पावसाळ्यात चिखलदऱ्याला सहल काढतो त्यांच्यासाठीही एक गोष्ट आहे. दोन दिवस सलग जोराचा पाऊस झाला असेल तर घाटात कापलेल्या कड्याखाली गाडी उभी करून भजी खायला आणि फोटो काढायला थांबू नये. बायका-मुले घेऊन जाणाऱ्यांनी हे आधी ठरवूनच निघावे.

आमची एक विनंती आहे. प्रत्येक गावात मस्जिद कमिटी आहे, शाळेची व्यवस्थापन समिती आहे, तरुणांचा एखादा ग्रुप आहे. पावसाळ्याआधी मस्जिदीची कौले पाहतो, कब्रस्तानाची नाली साफ करतो, तशी एक बैठक यासाठी घ्यावी. बाळापूर, पारस, नांदगाव पेठ आणि अचलपूर-परतवाड्याच्या लोकांनी तर नक्कीच. हा कागद फक्त आपल्या नावाने जाऊ नये. शेजारच्या वाड्यावरचे, बौद्ध वस्तीतले, पाटलाच्या घरचे, सगळ्यांच्या सह्या त्यावर असाव्यात. राखेचा लोंढा घर ओळखून येत नाही आणि दहा आडनावांच्या सह्या असलेला अर्ज टेबलाखाली सारणे अवघड जाते.

अॅबरफॅनच्या आयांचे निवेदन वर गेले आणि तिथेच थांबले, कारण पुढच्या महिन्यात त्याचे काय झाले हे विचारणारी व्यवस्था नव्हती. आपल्याकडे तीस दिवसांची मुदत कायद्यानेच दिली आहे. उत्तर आले नाही तर पहिले अपील, मग दुसरे अपील. वेळ लागतो, चकरा होतात, माणूस कंटाळतो. म्हणून हे काम एकट्यावर टाकू नये. अर्ज कोण लिहील, पोच कोण सांभाळेल, तिसाव्या दिवशी कार्यालयात कोण जाईल, ही तीन नावे बैठक संपायच्या आत वहीत लिहून घ्यावीत.